योग्य श्रवणयंत्राची निवड

झाशी शहरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. अठराव्या शतकात नारो शंकरांच्या कारकिर्दीत शहराचा विस्तार झाला, नेवाळकरांच्या अमदानीत कोकणातून आणि देशावरून आलेली घराणी तेथे स्थिरावली, आणि पुढे लोहमार्ग आल्यावर त्याच्याबरोबर आणखी मराठी नोकरदार आले. 1951 पासून 2003 पर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेच्या, म्हणजे मुंबईहून चालणाऱ्या कारभाराखाली होता. घरात मराठी, बाजारात हिंदी व बुंदेली, अशी दोन्ही तोंडे सांभाळणारी माणसे तेथे आजही आढळतात.

याच शहरात 1895 साली उभारलेला मालडब्यांचा रेल्वे कारखाना आहे. अशा कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे घणाचे, रिव्हेटचे आणि पत्रा घासण्याचे आवाज ऐकून निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थांची आपण कल्पना करू. नातू हाक मारतो, "आजोबा, आठ वाजता शाळेत यायचं आहे." आजोबा विचारतात, "कुठल्या माळ्यावर?" नातू आवाज चढवून पुन्हा सांगतो, तेव्हा आजोबा त्रासून म्हणतात, "अरे, ओरडतोस कशाला? मी काही बहिरा नाही." घरातील मंडळींना वाटते, म्हातारपणाचा हेकटपणा. वस्तुतः आजोबांची दोन्ही वाक्ये अक्षरशः खरी आहेत. त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. आणि मोठा आवाज त्यांना खरोखरच सहन होत नाही. या दोन तक्रारींचे कारण समजले, तर श्रवणयंत्र कसे निवडावे याचा निम्मा उलगडा होतो. ते न समजताच घेतलेले यंत्र बहुधा चार-सहा आठवड्यांत कपाटाच्या खणात जाऊन पडते.

कानात काय बिघडते

बाहेरून आलेला ध्वनी कर्णनलिकेतून जाऊन कर्णपटलावर आदळतो. पटलाची कंपने हातोडी, ऐरण व रिकीब या नावांच्या तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून आत जातात आणि शंखाकृती अंतःकर्णातील द्रव हलवितात. या शंखाच्या आत एका पडद्यावर सूक्ष्म केसांसारखे अग्र असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी रांगांनी बसविलेल्या असतात. या केशपेशी द्रवाच्या हालचालीचे विद्युत्संदेशात रूपांतर करतात आणि श्रवणमज्जा तो संदेश मेंदूकडे नेते. शंखाच्या तोंडाजवळील पेशी उंच पट्टीचे स्वर टिपतात, टोकाकडील पेशी खालच्या पट्टीचे. सतारीच्या पडद्यांसारखी ही मांडणी आहे.

माणसाच्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाचा आणि वयाचा पहिला आघात शंखाच्या तोंडाजवळच्या, म्हणजे उंच स्वर टिपणाऱ्या पेशींवर होतो. कारखान्यातील गोंगाटाने होणारी हानी प्रथम सेकंदास सुमारे 4000 कंपनांच्या आसपास दिसते आणि मग दोन्ही बाजूंना पसरते. ग्लासगो येथील टॉमस बार या वैद्याने 1886 साली बाष्पपात्रे बनविणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तेव्हा त्यांतील एकाचीही श्रवणशक्ती शाबूत आढळली नव्हती. झाशीच्या किल्ल्यात 'कडक बिजली' नावाची तोफ आजही पाहावयास मिळते. अशा तोफेजवळ उभ्या असलेल्या गोलंदाजाच्या कानाला एकच बार पुरतो. जी हानी कारखान्यात वर्षांनी होते ती तेथे क्षणात होते.

आता भाषेकडे पाहू. आ, ओ, ऊ हे स्वर, तसेच म, न, ळ यांसारखी व्यंजने यांचे बळ बहुतांशी खालच्या पट्टीत असते. याउलट स, श, च, थ, फ यांचा आवाज उंच पट्टीत आणि मुळातच क्षीण असतो. स-काराचे बहुतेक बळ 4000 कंपनांच्या वर असते. म्हणून वर वर्णिलेल्या आजोबांना 'शाळा' या शब्दातील 'आळा' एवढेच नीट पोहोचते. अगोदरचे अक्षर श, म, क की फ, हे त्यांना संदर्भावरून ताडावे लागते. पुरुषांपेक्षा स्त्रिया आणि मुले काय म्हणतात ते कळण्यास अधिक कष्ट पडतात, याचेही कारण हेच.

दुसरी तक्रार मोठ्या आवाजाची. निरोगी कानात काही केशपेशी क्षीण आवाज वाढवून देण्याचे काम करतात. त्या नष्ट झाल्या की क्षीण आवाज मुळीच ऐकू येत नाही. परंतु मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा वाटतो. 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांच्यामधील अंतर त्यामुळे अरुंद होते. नातवाने ओरडून सांगितले की त्या अरुंद पट्ट्यातून आवाज एकदम पलीकडे उडी घेतो. सर्व आवाज सरसकट वाढविणारे यंत्र अशा कानाला का उपद्रव देते, हे यावरून ध्यानी येईल.

यंत्राआधी वैद्य

कानाची काही दुखणी अशी आहेत की त्यांत यंत्र घेणे हा उपाय नसून चूक ठरते. कर्णनलिकेत मळाचा खडा बसला असेल तर तो काढताच ऐकू येऊ लागते. कानातून पू वाहत असेल, पटलाला छिद्र असेल, हाडांच्या साखळीत ताठरपणा आला असेल, तर दोष ध्वनी वाहून नेण्याच्या मार्गात आहे; त्यावर औषध किंवा शस्त्रक्रिया पुष्कळदा गुण देते. वाहत्या कानात यंत्राचा बोळा बसविला तर हवा कोंडून दुखणे बळावते. ज्यांचा कान बरा होण्यासारखा नाही आणि सतत वाहतो, त्यांच्यासाठी कानामागील हाडातून कंपने पोहोचविणारी यंत्रे असतात.

एका कानाने काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर 'सर्दीने कान बसला' असे म्हणून वाट पाहू नये. ही तातडीची अवस्था आहे. उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच आशा अधिक असते, पुढे ती झपाट्याने मावळते. एकाच कानाचा वाढत जाणारा बहिरेपणा, चक्कर, कानातील वेदना, यांतही आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखविणे आवश्यक आहे. झाशीत 1968 साली स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि बुंदेलखंडातील रुग्ण तेथे येतात. जाताजाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. कान दुखला की त्यात कढविलेले तेल सोडण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. पटलाला छिद्र असता हे तेल थेट मध्यकर्णात उतरते. ही चाल मोडावी हेच बरे.

श्रवणालेख वाचावा कसा

वैद्याने यंत्राची शिफारस केल्यावर श्रवणतज्ज्ञ शांत, आवाजबंद खोलीत कानाची मोजणी करतो. 250 पासून 8000 कंपनांपर्यंत निरनिराळ्या पट्टीचे शुद्ध स्वर ऐकवून, प्रत्येक पट्टीत कमीत कमी किती मोठा आवाज ऐकू येतो हे नोंदवितात. त्या नोंदीचा आलेख म्हणजे श्रवणालेख. त्यालाच ऑडिओग्राम म्हणतात. आडव्या रेषेवर पट्टी डावीकडून उजवीकडे चढत जाते आणि उभ्या रेषेवर आवाजाची पातळी वरून खाली वाढत जाते. रेघ जितकी खाली उतरेल तितकी श्रवणशक्ती कमी.

पातळीचे माप डेसिबेल हे आहे. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज शून्य धरतात. ही मोजपट्टी साधी नव्हे. 20 डेसिबेलची वाढ म्हणजे हवेतील ध्वनिदाबाची दहापट वाढ. कुजबूज सुमारे 30, हातभर-दोन हात अंतरावरील नेहमीचे बोलणे सुमारे 60, आणि लोखंडावर लोखंड आपटणाऱ्या कारखान्यातील आवाज 100 च्या घरात जाऊ शकतो. दिवसाचे आठ तास 85 पेक्षा अधिक आवाजात काम करणे कानाला धोक्याचे समजतात.

आपल्या आजोबांचा आलेख, समजा, असा निघाला: 500 कंपनांना 20 डेसिबेल, 1000 ला 25, 2000 ला 45 आणि 4000 ला 70. रेघ डावीकडे जवळजवळ सपाट, मग घाटाच्या उतारासारखी खाली. चारही आकड्यांची सरासरी 40 येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या वर्गवारीनुसार 35 ते 50 हा मध्यम बहिरेपणा होय. आपल्या देशातील 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात मात्र दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत 60 ते 70 डेसिबेल हानी असणाऱ्याला अल्पश्रवण आणि 70 च्या पुढे बधिर मानले आहे. म्हणजे आजोबा कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग नाहीत. परंतु घरातील पंगतीत बसून गप्पा समजण्याच्या दृष्टीने ते पंक्तीबाहेर पडले आहेत. सरासरीचा एकच आकडा फसवा असतो तो असा. दुकानदाराने नुसते "चाळीस टक्के ऐकू येते" असे सांगितले तर ते ऐकून घ्यावे आणि आलेखाची प्रत मागून घ्यावी. ती रुग्णाची आहे आणि पुढे प्रत्येक वेळी लागणार आहे.

शुद्ध स्वरांच्या मोजणीबरोबर शब्दांचीही परीक्षा घेतात: पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवून रुग्ण ते किती बरोबर परत म्हणतो ते पाहतात. येथे झाशीसारख्या शहरातील मराठी वृद्धांच्या बाबतीत एक अडचण संभवते. परीक्षा हिंदी शब्दांनी होते, आणि ज्या आजींचे आयुष्य घरातील मराठीत गेले त्यांना न ओळखीचे शब्द चुकतात ते कानामुळे की भाषेमुळे हे कळत नाही. अशा वेळी घरातील माणसाने सोबत जावे, आणि श्रवणतज्ज्ञाच्या अनुमतीने तोंडावर कागद धरून घरगुती मराठी शब्द म्हणून दाखवावेत. तोंड झाकणे महत्त्वाचे. बहिरी माणसे ओठ वाचण्यात नकळत तरबेज झालेली असतात. ही शास्त्रीय परीक्षेची जागा घेत नाही, तिला पूरक ठरते. मोठ्या आवाजातही फारच थोडे शब्द कळत असतील, तर यंत्राकडून माफक अपेक्षा ठेवावी लागते, आणि ते आधीच कळलेले बरे.

यंत्र: कर्ण्यापासून संगणकापर्यंत

श्रवणयंत्राचा पहिला अवतार म्हणजे कानाला लावायचा कर्णा. विजेवर चालणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निघाली, निर्वात नळ्यांची त्यानंतर. त्यांच्या बॅटऱ्यांचे ओझे वेगळे बाळगावे लागे. ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर त्याचा बाजारात आलेला एक अगदी पहिला उपयोग श्रवणयंत्रात, 1952 च्या अखेरीस, झाला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी बधिरांच्या शिक्षणात आयुष्य वेचले होते म्हणून बेल प्रयोगशाळेने श्रवणयंत्रांपुरता ट्रान्झिस्टरच्या हक्काचा मोबदला माफ केला होता. 1996 साली ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करून त्यावर गणित करणारी पूर्ण अंकीय यंत्रे बाजारात आली. आज मिळणारे साधेसे यंत्रही एक छोटा संगणकच असते.

मात्र घटक तेच तीन आहेत: ध्वनी टिपणारा मायक्रोफोन, तो वाढविणारा वर्धक, आणि कानात सोडणारा रिसीव्हर. फरक वर्धकाच्या अकलेत आहे. तो निरनिराळ्या पट्ट्या निरनिराळ्या प्रमाणात वाढवू शकतो; क्षीण आवाज पुष्कळ आणि मोठा आवाज थोडाच वाढवितो; आणि एका मर्यादेपलीकडे आवाज जाऊ देत नाही. आजोबांच्या दोन्ही तक्रारींचे उत्तर या तीन गुणांत आहे. वर्तमानपत्रातील जाहिराती पाहून टपालाने मागविलेली स्वस्त 'आवाज वाढविणारी' यंत्रे सर्व पट्ट्या एकदम वाढवितात. त्यांतून पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाट मोठा होतो, 'शाळा' मधला श मात्र तेथेच राहतो.

किती वाढवायचे याचा एक जुना ठोकताळा 1944 साली सॅम्युएल लायबार्गर यांनी मांडला: हानी जितकी, तिच्या सुमारे निम्मी वाढ द्यावी. म्हणजे आजोबांना 4000 कंपनांच्या पट्टीत 35 डेसिबेलच्या आसपास वाढ हवी आणि 500 च्या पट्टीत जवळजवळ नको. आजची गणिते याहून बारीक आहेत, परंतु पायाभूत विचार तोच आहे. हानी सत्तर असताना सत्तर वाढ मागणे म्हणजे कानावर घण घालणे होय.

कोणता प्रकार घ्यावा

खिशात ठेवून तारेने कानाला जोडायचे यंत्र ओबडधोबड दिसते. तथापि ज्यांची बोटे थरथरतात, ज्यांना बारीक दिसत नाही किंवा ज्यांची हानी फार मोठी आहे, त्यांना त्याचे मोठे चाक आणि मोठा सेल सोयीचा पडतो. कपडा मायक्रोफोनवर घासून खरखर होते, हा त्याचा खरा दोष. कानामागे बसणारे यंत्र सर्वांत सर्वोपयोगी: मध्यम हानीपासून अतितीव्र हानीपर्यंत चालते, दुरुस्तीला सोपे, आणि मुलांसाठी तर हेच योग्य, कारण कान वाढला की फक्त कानातील साचा बदलावा लागतो. याचाच एक पोटप्रकार असा की रिसीव्हर बारीक तारेने कर्णनलिकेत उतरविलेला असतो. तो दिसत नाही आणि नैसर्गिक वाटतो, परंतु मळ व ओल यांनी रिसीव्हर लवकर बिघडतो. सबंध कानाच्या आत लपणारी यंत्रे सौम्य-मध्यम हानीपुरती ठीक. त्यांचा सेल एवढा लहान की सत्तरीच्या माणसाच्या बोटांना तो बदलणे म्हणजे परीक्षाच.

'दिसू नये' ही अट लोक सर्वांत आधी घालतात. ही भावना हसण्यासारखी नाही. चष्मा लावल्याने कोणी आंधळा म्हणत नाही, पण यंत्र लावले की बहिरा म्हणतात, हा समाजाचा दोष आहे. तरीही माझे मत असे की ही अट शेवटी ठेवावी. स्वतःच्या हाताने घालता, काढता आणि सेल बदलता येईल असेच यंत्र निवडावे, आणि ते दुकानातच तीन-चार वेळा करून पाहावे. सूनबाई रोज घालून देतील, या भरवशावर घेतलेले यंत्र सूनबाई माहेरी गेल्या की बंद पडते.

आजोबांच्या आलेखावरून त्यांची निवड जवळजवळ आपोआप ठरते. खालच्या पट्टीतील त्यांचे श्रवण चांगले असल्याने कान पूर्ण बंद करणारा साचा त्यांना नको. तो बसविला तर स्वतःचाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. मोकळी टोपी किंवा रुंद छिद्राचा साचा असलेले कानामागील यंत्र त्यांना सोयीचे. याउलट ज्यांची हानी सर्व पट्ट्यांत 70-80 आहे, त्यांना कानाच्या मापाने घडविलेला घट्ट साचाच हवा. साचा ढिला असला की रिसीव्हरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी वाजविते. यंत्रापेक्षा साच्याची किंमत फारच थोडी, पण शिट्टीला कंटाळून टाकून दिलेली चांगली यंत्रे थोडी नाहीत.

दोन्ही कानांत हानी असेल तर दोन यंत्रे घ्यावीत, असा सर्वसाधारण नियम आहे. आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन कानांतील फरकावरून ओळखतो, आणि गोंगाटात बोलणे वेचून काढण्यास दोन कानांची मदत होते. परवडत नसेल तर एकावर काम भागवावे. मात्र एक अतिशय महाग यंत्र घेण्यापेक्षा दोन साधी घेणे बहुधा अधिक हिताचे.

किंमत आणि गुण

बाजारात यंत्राची किंमत काही हजार रुपयांपासून लाखांच्या पुढे जाते. विक्रेता वाहिन्यांची संख्या सांगतो: आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. पट्ट्यांचे तुकडे एका मर्यादेपर्यंत उपयोगी असतात. पुढे लाभ फारसा वाढत नाही, किंमत वाढते. अमेरिकेतील मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध व्यक्तींना भारी आणि साध्या प्रतीची यंत्रे आळीपाळीने वापरावयास दिली. 2014 आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रोजच्या जीवनातील लाभाच्या बाबतीत दोहोंमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र दोन्ही प्रकारांची यंत्रे नीट जुळवून दिलेली होती, हे विसरू नये.

'जुळवून देणे' हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची आपली कर्णनलिका स्वतःच एक बासरी आहे. 2700 कंपनांच्या आसपासचे स्वर ती आपोआप वाढविते. यंत्र कानात घालताच ही नैसर्गिक वाढ बदलते. प्रत्येकाची नलिका वेगळी, मुलांची तर फार लहान, त्यामुळे तेच यंत्र त्यांच्या कानात अधिक मोठा आवाज निर्माण करते. म्हणून कर्णपटलाजवळ बारीक नळी ठेवून, यंत्र चालू असताना प्रत्यक्ष कानात किती आवाज पोहोचतो याची मोजणी करता येते. ही मोजणी करून देणारा तज्ज्ञ मिळत असेल तर त्याच्याकडे थोडे लांब जावे लागले तरी जावे. "कसे वाटते? मोठे करू का?" एवढेच विचारून दिलेले यंत्र मापाविना शिवलेल्या अंगरख्यासारखे असते.

हल्ली स्मृतिभ्रंशाचे भय दाखवूनही यंत्रे विकली जातात. याविषयी 2023 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे फलित आले. तीन वर्षे यंत्र वापरल्याने सर्व वृद्धांत मिळून बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. परंतु ज्यांना ऱ्हासाचा धोका मुळातच अधिक होता त्या गटात तो जवळजवळ निम्म्याने मंदावला. आशा आहे, हमी नाही. माणसांत मिसळता यावे हे कारण यंत्र घेण्यास पुरेसे आहे.

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारी मार्ग आहेत. 1981 पासून चालू असलेल्या केंद्रीय साहाय्य योजनेखाली दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना यंत्र मिळते. 2017 पासून गरीब ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. दोन्ही योजनांत शिबिरे भरविण्याचे काम करणारी कृत्रिम अवयव निर्माण संस्था 1972 साली स्थापन झाली आणि ती झाशीपासून फार दूर नाही, कानपूरलाच आहे. मुंबईत वांद्रे येथे 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही या शास्त्राची मोठी केंद्रे होत. शिबिरात मिळालेले यंत्र कमी प्रतीचे असते असे नव्हे. उणीव नंतरच्या भेटींची राहते. ती आपण स्वतः जवळच्या श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन भरून काढावी.

बुंदेलखंडाच्या हवेत

बहुतेक यंत्रांतील सेल जस्त-हवेचा असतो. त्याच्या पाठीवरील चिकट पट्टी काढली की छिद्रांतून हवा आत शिरते आणि रासायनिक क्रिया सुरू होते. पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मगच सेल यंत्रात घालावा. पट्टी परत चिकटवून सेल राखून ठेवता येत नाही. सेलच्या आकारानुसार पट्टीचा रंग ठरलेला असतो: 10 क्रमांकाची पिवळी, 312 ची तपकिरी, 13 ची नारिंगी, 675 ची निळी. अक्षरे न दिसणाऱ्या आजींनाही रंग लक्षात राहतो. झाशीत उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत उघडलेल्या सेलमधील ओल उडून तो लवकर संपतो, म्हणून एका वेळी पुष्कळ सेल उघडू नयेत व साठा थंड जागी ठेवावा. पावसाळ्यात संकट उलटे. घाम आणि दमटपणा यंत्रात शिरतो. रात्री सेलचे दार उघडे ठेवून यंत्र ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवावे. डोक्याला तेल लावावयाचे असेल तर यंत्र काढून मग लावावे, कारण कानामागील मायक्रोफोनची छिद्रे तेलाने बुजतात. विजेवर भारित होणारी यंत्रे सोयीची खरी, परंतु ज्या वस्तीत वीज वरचेवर जाते तेथे सेलचे यंत्र अधिक भरवशाचे.

उन्हाळ्यातील आणखी एक शत्रू म्हणजे वाळ्याच्या टट्ट्यांचा मोठा कूलर. त्याच्या घरघरीत निरोगी माणसालाही बोलणे नीट कळत नाही. यंत्र घातलेल्या माणसाने त्याच्याकडे पाठ करून, बोलणाऱ्याकडे तोंड करून बसावे. बोलणाऱ्याने ओरडण्याऐवजी जवळ यावे. अंतर निम्मे केले की आवाज 6 डेसिबेलने वाढतो, आणि हे कोणत्याही यंत्राशिवाय.

मुलांच्या बाबतीत

मोठ्यांच्या बाबतीत महिना-दोन महिने विचारात गेले तरी चालतात, मुलांच्या बाबतीत नाही. भाषा येण्याचे दिवस मर्यादित असतात. जन्मानंतर महिन्याभरात श्रवणाची चाळणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांच्या आत यंत्र, हे उद्दिष्ट जगभर मान्य आहे. टाळी वाजविल्यावर मूल वळले म्हणजे त्याला ऐकू येते, ही समजूत घातक ठरू शकते; टाळीत खालच्या पट्टीचे आवाजही असतात, शिवाय हवेचा झोत आणि हाताची हालचाल मुलाला दिसते. यंत्राने पुरेसा लाभ होत नसेल तर शंखात विद्युद्‌ग्र बसविण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि तिचाही विचार लवकरच व्हावा लागतो.

पहिले महिने

नवे यंत्र लावल्यावर पहिल्या दिवशी वृत्तपत्राची चळचळ, चपलांचा आवाज, नळाची धार यांनी माणूस दचकतो. हे आवाज पूर्वीही होते. मेंदू ते विसरला होता. आरंभी शांत खोलीत एका व्यक्तीशी तासभर बोलावे, मग वेळ वाढवीत न्यावा, आणि लग्नसमारंभ किंवा बाजार यांना शेवटी हात घालावा. सवय होण्यास कित्येक आठवडे लागतात. विकत घेण्यापूर्वी चाचणीची मुदत, परत घेण्याची अट आणि नंतरच्या जुळवणीचा खर्च लेखी घ्यावा.

श्रवणतज्ज्ञाकडे पुन्हा जाताना एक वही बरोबर असावी. "नीट ऐकू येत नाही" एवढ्यावरून त्याला काही करता येत नाही. "कूलर बंद असता सूनबाईंचे बोलणे कळते, चालू असता कळत नाही, देवळातील घंटा टोचते, नातू 'सात' म्हणतो ते 'आठ' वाटते, फोन कानाला लावला की शिट्टी येते," अशा नोंदी असतील, तर कोणती पट्टी किती वाढवायची, कोठे मर्यादा घालायची आणि साचा बदलायचा की नाही, हे त्याला त्या वहीवरूनच ठरविता येते.